रस्ता कुणाचा? मुंबईच्या ट्रामची नव्वद वर्षं



व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनी विषय विचारला तेव्हा आम्ही सांगितलं, मुंबईची ट्राम. फोनवर जरा शांतता पसरली. मग पलीकडून आवाज आला, "सर, पणदऱ्यात ट्राम?" शंका रास्त आहे. इथं कधी ट्राम आली नाही, येणारही नाही. पण इथं कॅनॉल आहे. आणि ज्या माणसाला फाटा कुणाच्या शिवारातून गेला, पाळी कुणाची आधी आली आणि टेलच्या शेतकऱ्याला पाणी का पोचलं नाही हे कळतं, त्याला ट्रामचं राजकारण शिकवावं लागत नाही. रूळ काय आणि पाट काय, एकदा जमिनीवर आखला की पुढच्या चार पिढ्यांचं आयुष्य त्याच्या कडेनं चालतं.

आम्ही इतिहासाचे नव्हे, तत्त्वज्ञानाचे विद्यार्थी. आम्हाला घटनांइतकेच शब्द अडवतात. आज एकच शब्द हातात धरून चालायचं आहे: 'सार्वजनिक'. सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक वाहतूक, सार्वजनिक हित. या शब्दात नेमकं कोण कोण बसतं? मुंबईच्या ट्रामचा इतिहास म्हणजे आमच्या मते या एका प्रश्नाची वेगवेगळ्या काळात दिली गेलेली उत्तरं आहेत.

सुरुवात कापसापासून करू. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालू होतं. तिथला कापूस इंग्लंडला जायचा थांबला, आणि आपल्याकडच्या कापसाला सोन्याचा भाव आला. मुंबईत पैशाचा पूर आला. नवे बेत, नव्या कंपन्या, समुद्र हटवून जमीन करायच्या योजना. याच धामधुमीत, १८६५ साली, एका अमेरिकन कंपनीनं मुंबईत घोड्यांची ट्राम चालवायचा परवाना मागितला. परवाना मिळालासुद्धा. पण तिकडे युद्ध संपलं, इकडे कापसाचा भाव कोसळला, बँका बुडाल्या, आणि ट्राम कागदावरच राहिली. म्हणजे बघा, मुंबईची पहिली ट्राम रस्त्यात खड्डे होते म्हणून अडली नाही, बाजार बसला म्हणून अडली.

सहा वर्षांनी, १८७१ मध्ये, पालिकेनं पुन्हा निविदा मागवल्या. १८७३ साली बॉम्बे ट्रामवे कंपनी उभी राहिली. हक्क मिळाले स्टर्न्स आणि किट्रेज या जोडीच्या पेढीला. १८७४ साली मुंबई सरकारनं ट्रामसाठी खास कायदा केला, आणि ९ मे १८७४ या दिवशी घोड्यांची पहिली ट्राम धावली. मार्ग दोन: कुलाबा ते पायधुणी, आणि बोरीबंदर ते पायधुणी, काळबादेवीवरून. भाडं तीन आणे. तिकीट मात्र नव्हतं! पैसे द्यायचे आणि बसायचं. लोकांची गर्दी वाढली तसं भाडं दोन आण्यांवर आलं. आणि पैसे न देता बसणारेही वाढले असावेत, कारण त्याच वर्षी तिकिटं छापावी लागली.

आता इथं क्षणभर थांबू. ट्रामसाठी वेगळा कायदा का लागला? टांगा चालवायला कायदा लागत नाही, बैलगाडीला लागत नाही. कारण टांगा रस्ता वापरतो आणि पुढं जातो, रस्ता परत सगळ्यांचा होतो. ट्राम रस्त्यात लोखंड पुरते. सगळ्यांच्या मालकीच्या जागेचा एक पट्टा एका कंपनीच्या कामासाठी कायमचा बांधला जातो. त्या बदल्यात समाजाला काय मिळणार, किती वर्षं मिळणार, मुदत संपल्यावर काय, हे लिहून घ्यावं लागतं. म्हणून ट्राम हा रस्त्याबद्दलचा करार आहे. वाहन आपल्याला दिसतं, करार दिसत नाही, एवढंच.

हा करार कुणी केला? १८७२ च्या कायद्यानं मुंबई पालिकेत ६४ सभासद होते. त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले, उरलेले सरकारनं आणि जस्टिस ऑफ द पीस मंडळींनी नेमलेले. म्हणजे ज्याच्या नावावर कर होता त्याला मत. जो ट्राममध्ये बसणार होता त्याला मत असेलच असं नाही. हे आपण लक्षात ठेवू.

घोड्यांच्या ट्रामचा हिशोब तुम्हाला चटकन कळेल. लोखंडी रुळावरून लोखंडी चाक फिरतं तेव्हा ओढ फार कमी लागते. चिखलातली गाडी आणि डांबरीवरची गाडी यातला फरक बैलाला विचारा. त्यामुळं घोड्यांची एक जोडी खडीच्या रस्त्यावर ओढेल त्याच्या कितीतरी पट माणसं रुळावर ओढते. म्हणून भाडं स्वस्त. पण जनावर ते जनावर. कंपनीच्या तबेल्यात नऊशे घोडे होते असं सांगतात. नऊशे घोड्यांचा चारा, खरारा, नाल, आजारपण! त्यामुळं वीज येताच सगळ्या जगातल्या ट्राम कंपन्यांचे डोळे तिकडे लागले.

मुंबईतही १८८२ मध्ये विजेचे दिवे लावायचा करार झाला होता, पण त्या कंपनीचं वर्षभरात दिवाळं निघालं. खरी खेच पुढं झाली. १८९९ मध्ये ट्राम कंपनी पालिकेकडं आली आणि म्हणाली, आम्हाला विजेवर ट्राम चालवायची आहे. पैसा मोठा घालावा लागेल. पण १८७४ च्या कायद्यानं १९०१ साली ट्राम विकत घ्यायचा हक्क पालिकेला होता. कंपनीचं म्हणणं, तो हक्क सोडा, मग आम्ही पैसा घालतो.

यात नवल काही नाही. खंडानं घेतलेल्या रानात शेवटच्या वर्षी कुणी शेणखत टाकतं का? मुदत जवळ आली की खंडकरी फक्त काढतो, घालत नाही. ब्रिटनमध्ये १८७० च्या ट्रामवे कायद्यानं नगरपालिकांना २१ वर्षांनी ट्राम विकत घ्यायचा हक्क दिला, तेव्हा तिथंही हेच झालं. मुदतीच्या शेवटी कंपन्या हात आखडता घ्यायच्या. याचा दोष कंपनीच्या नीतिमत्तेला देऊन भागत नाही, तो कराराच्या बांधणीत असतो.

मुंबई पालिकेनं हक्क सोडला नाही. उलट आम्हीच विकत घेतो म्हणाली. मग कोर्टकचेऱ्या सुरू झाल्या. अखेर १९०५ मध्ये तोड निघाली. विजेचा आणि ट्रामचा मक्ता एका नव्या, लंडनमध्ये नोंदलेल्या कंपनीला मिळाला: बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी. तिची आद्याक्षरं जोडली की होतं बेस्ट. जुन्या ट्राम कंपनीची मालमत्ता ९८ लाख ५० हजार रुपयांना घेतली गेली. पालिकेनं तेव्हा ट्राम घेतली नाही, पण पुढं मुदत भरल्यावर घ्यायचा हक्क करारात राखून ठेवला. तो राखलेला हक्क पुढं कामाला आला, त्याकडे येऊच.

७ मे १९०७ ला विजेची पहिली ट्राम धावली. १९२० मध्ये दुमजली ट्राम आली. नव्वद वर्षांत या गाडीनं शहराला काय दिलं याची मोठी यादी नको, एकच नाव पुरे: दादर टीटी. आजही मुंबईत टॅक्सीवाल्याला 'दादर टीटी' म्हटलं की कळतं. टीटी म्हणजे ट्राम टर्मिनस. ट्राम जाऊन साठ वर्षं झाली, तिचा शेवटचा थांबा मात्र लोकांच्या तोंडात राहिला. १८९६ च्या प्लेगनंतर शहराची दाटी फोडायला सुधार ट्रस्ट नेमला गेला, दादर-माटुंग्याकडे नव्या वसाहती आखल्या गेल्या, आणि ट्राम तिकडं पोचली म्हणून कारकून-मास्तर मंडळींना तिथं राहून कोटात नोकरी करणं परवडलं.

आणि बाकावर कोण शेजारी बसेल हे ट्राममध्ये ठरलेलं नसे. ज्या काळात विहीर वेगळी, पंगत वेगळी, त्या काळात तिकिटावर जात छापलेली नव्हती. ट्रामनं जात मोडली असं आम्ही म्हणणार नाही. पण 'सार्वजनिक' या शब्दाचा अर्थ त्या बाकावर लोकांच्या अंगवळणी पडत होता, हे नक्की.

मंडळी, इथवर ही मुंबईची गोष्ट झाली. आता ती पुणे जिल्ह्यात येते.

विजेवर चालणाऱ्या शहराला वीज लागते. सुरुवातीला बेस्टनं वाडीबंदरला कोळशावर स्वतःची वीज केली. पुढं ती टाटांकडून वीज घेऊ लागली. टाटांची वीज पाण्याची, आणि पाणी आपल्या सह्याद्रीतलं. १९१५ मध्ये खोपोलीचं वीजघर सुरू झालं. त्यानंतर डोळा गेला मुळशीवर. मुळा-निळा खोऱ्यातल्या भातशेतीवर धरणाच्या खुणा आल्या. १९२१ साली रामनवमीच्या दिवशी मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला, सेनापती बापट त्याचे पुढारी. लोक धरणाच्या कामावर जाऊन बसले, तुरुंगात गेले. पण धरण झालं, गावं पाण्याखाली गेली.

जमीन घेताना सरकारनं कोणता शब्द वापरला? 'सार्वजनिक प्रयोजन'. १८९४ चा भूसंपादन कायदा. मुंबईच्या गिरण्या, मुंबईचे दिवे, मुंबईच्या गाड्या हे सार्वजनिक. मग मुळशीचा शेतकरी कोण? तो सार्वजनिक नव्हता का? त्याला मोबदल्याचा धनी म्हणून मोजलं गेलं, जनता म्हणून मोजलं गेलं नाही. परळच्या चाळीतला माणूस स्वस्तात कामावर पोचला, त्या सोयीच्या दुसऱ्या टोकाला मुळशीचा माणूस होता, आणि दोघांची कधी गाठ पडली नाही.

इथं आपण मुंबईला नावं ठेवून मोकळं होऊ नये. आपल्या उसाला पाणी येतं ते कुठून? भाटघरातून. भोरकडच्या लोकांच्या जमिनी त्याही धरणाखाली गेल्या. आपल्या शिवारात 'सार्वजनिक हित' पाटानं वाहत आलं, कारण दुसऱ्या कुणाला तरी त्या शब्दातून वगळलं गेलं. कॅनॉल वाईट होता असं आमचं म्हणणं नाही. हिशोबाच्या वहीत ते पानही असावं, एवढंच.

परत मुंबईत येऊ. १५ जुलै १९२६ ला अफगाण चर्च ते क्रॉफर्ड मार्केट अशी पहिली मोटारबस धावली. चालवणारी कंपनी तीच, बेस्ट. म्हणजे ट्रामचा प्रतिस्पर्धी ट्रामच्याच घरात वाढला. बसला रूळ नको, वर तार नको. रस्ता पालिका बांधणार, बसनं फक्त धावायचं. ट्रामचा रस्ता मात्र ट्रामच्या खर्चात मोजला जायचा. एकाच्या डोक्यावर घराचं भाडं आणि दुसरा धर्मशाळेत, आणि मग दोघांच्या शिलकीची तुलना. आजही रस्ता आणि रूळ यांची तुलना होते तेव्हा खर्च कुणाच्या खात्यात लिहिलाय ते आधी बघावं.

७ ऑगस्ट १९४७. स्वातंत्र्याला आठच दिवस बाकी होते. १९०५ च्या करारात राखलेला हक्क वापरून, ४२ वर्षांनी, मुंबई पालिकेनं बेस्ट ताब्यात घेतली. नावातल्या 'टी'चा अर्थ बदलला, ट्रामवेजच्या जागी ट्रान्सपोर्ट आलं. पुढच्याच वर्षी, १ जून १९४८ ला, पुणे-नगर रस्त्यावर एसटीची पहिली गाडी धावली. त्याच वर्षी मुंबई पालिकेची निवडणूक पहिल्यांदा प्रौढ मतदानानं झाली. म्हणजे गाडी लोकांची झाली आणि मतही लोकांचं झालं. १८७२ पासून जी फट होती, बसणारा वेगळा आणि ठरवणारा वेगळा, ती आता बुजायला हवी होती.

आणि त्यानंतर सतरा वर्षांत ट्राम बंद झाली.

तिच्या विरोधातली कारणं खोटी नव्हती. रूळ रस्त्याच्या मधोमध, उतारूंना मोटारींच्या गर्दीत उतरावं लागायचं. महायुद्धाच्या काळात डागडुजी मागं पडलेली, आणि मुदत संपत आलेल्या कंपनीनं शेवटी किती खत टाकलं असेल याचा अंदाज तुम्ही करू शकता. एक गाडी बंद पडली की मागच्या सगळ्या उभ्या. बस वाट बदलू शकते, ट्राम नाही. हे सगळं खरं. पण 'ट्राममुळं रस्ता अडतो' हे वाक्य कुठं बसून बोललं जातं? मोटारीत बसून. ट्राममधल्या साठ-सत्तर माणसांना वाटत असणार की मोटारींमुळं ट्राम अडते. दोन्ही वाक्यं एकाच रस्त्याबद्दल आहेत. त्यातलं एक धोरण झालं, दुसरं कुठं नोंदलंच गेलं नाही.

एक घरातली आठवण सांगतो. आमचे चुलते लालबागला राहून गिरणीत साच्यावर काम करायचे. या भागातल्या जिराईत गावांतून तेव्हा घरटी एखादा माणूस मुंबईला असायचाच. १९६३ च्या उन्हाळ्यात आम्ही त्यांच्याकडं राहायला गेलो होतो. एका रविवारी त्यांनी आम्हाला ट्राममध्ये बसवलं. ड्रायव्हर उभा, पायानं घंटा ठणठण वाजवतोय, वर तारेला लागलेल्या दांड्यातून मधूनच ठिणगी पडतेय. आमच्यासाठी ती जत्राच होती. चुलते म्हणाले, "बघून घे. बंद करणारेत म्हणं." आम्ही विचारलं, का? ते म्हणाले, "आपल्याला कोण सांगतंय!" तेव्हा ते वाक्य विसरून गेलो. पुढं तीसेक वर्षं वर्गात लोकशाही शिकवली, तेव्हा ते पुन्हा पुन्हा आठवत राहिलं. मत मिळालेला माणूस "आपल्याला कोण सांगतंय" म्हणतो, तेव्हा नेमकं काय कमी पडलेलं असतं?

३१ मार्च १९६४ च्या रात्री दहा वाजता बोरीबंदरहून दादरकडे शेवटची ट्राम निघाली. तिला निरोप द्यायला रस्त्याच्या दुतर्फा माणसं उभी होती. निरोपाला एवढी माणसं येतात आणि निर्णयाला एकही नसतो, हे आपल्या सार्वजनिक आयुष्याचं जुनं दुखणं आहे.

तुम्ही म्हणाल, सर, काळाचा ओघ होता, जगभर ट्राम गेल्याच. गेल्या. लंडनची १९५२ मध्ये गेली, ग्लासगोची १९६२ मध्ये. पण 'काळाचा ओघ' हे शब्द आले की आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या माणसानं कान टवकारावेत. काळ स्वतः सही करत नाही. सही माणूस करतो, आणि मग काळाचं नाव सांगतो.

दोन दाखले देतो. १९५३ साली कलकत्त्यात ट्राम कंपनीनं दुसऱ्या वर्गाचं भाडं एक पैशानं वाढवलं. फक्त एक पैसा! कंपनी ब्रिटिश भागधारकांची. लोक रस्त्यावर आले, वाढीव भाडं द्यायला नकार दिला, शहर पेटलं, आणि वाढ मागं घ्यावी लागली. तिथं उतारूंनी स्वतःला 'सार्वजनिक' या शब्दात मोजायला लावलं. त्याला रस्त्यावर रक्त सांडावं लागलं, हेही विसरू नये.

दुसरा दाखला फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गचा. तिथली जुनी ट्राम १९६० मध्ये बंद झाली होती. १९८९ च्या पालिका निवडणुकीत प्रश्न हाच होता: जमिनीखालून स्वयंचलित मेट्रो न्यायची, की रस्त्यावर पुन्हा ट्राम आणायची? मेट्रो खाली गेली तर रस्ता मोटारींनाच राहणार. ट्राम आणली तर मोटारींना जागा सोडावी लागणार. दुकानदारांचा ट्रामला विरोध होता, गिऱ्हाईक तुटेल म्हणून. कातरीन त्रोतमान यांनी ट्रामच्या बाजूनं निवडणूक लढवली, त्या महापौर झाल्या, आणि १९९४ मध्ये ट्राम धावली. हरल्या असत्या तर? तर मेट्रो झाली असती, तीही लोकांना विचारून. मुद्दा ट्राम चांगली की मेट्रो चांगली हा नाही. प्रश्न मतपेटीपर्यंत आला, हा आहे.

आज पुण्यात २०२२ पासून मेट्रो धावते, मुंबईत खांबांवर आणि जमिनीखाली मार्ग वाढताहेत. त्याच मुंबईत बेस्टच्या बसचं किमान भाडं २०१९ मध्ये पाच रुपयांवर आणलं होतं, ते २०२५ च्या मे महिन्यात दहा झालं. मेट्रोला आमचा विरोध नाही, गुडघे दुखतात तेव्हा आम्हीही बसतो. पण नवी गाडी आली की जुन्या गाडीत बसणाऱ्याचं काय, हा प्रश्न १९६४ मध्ये राहून गेला तसा पुन्हा राहू नये. आणि मेट्रोच्या विजेचं, वाळूचं, कारशेडच्या जागेचं दुसरं टोक कुठल्या गावात आहे, हेही विचारलं जावं.

म्हणून तुमच्या गावात उद्या कुठलीही योजना आली, रुंद रस्ता असो, विमानतळ असो, पाइपातून पाणी असो, तर तिचं संकल्पचित्र बघण्याआधी करार मागून घ्या. मुदत किती आहे बघा, मुदतीनंतर मालक कोण बघा. खर्च कुणाच्या वहीत लिहिलाय ते बघा. आणि ज्या बैठकीत हे ठरलं, तिथं कोण नव्हतं, ते नक्की विचारा. बैठकीत नसलेल्या माणसांची यादी केली की 'सार्वजनिक' या शब्दाचा त्या दिवसापुरता अर्थ कळतो.

काही वर्षांपूर्वी फ्लोरा फाउंटनपाशी काम चालू असताना डांबराखालून जुने ट्रामचे रूळ निघाले. उखडायचे कष्ट न घेता वर डांबर ओतलं होतं. लोकांनी मोबाइल काढून फोटो घेतले. आम्ही तो फोटो पाहिला तेव्हा चुलत्यांची आठवण झाली. गिरणी गेली, चाळ गेली, चुलतेही गेले. लोखंड तेवढं जागेवर होतं.

तुम्ही शांतपणे ऐकून घेतलंत. आता प्रश्न विचारा, आणि मागं उभ्या असलेल्यांनी आधी विचारा.